ओकच्या पिंपात मुरवलेली रेड वाईन तुरट आणि लाकडासारखी लागली. बाटली खराब होती का?

खराब असती तर ओल्या पुठ्ठ्याचा वास आला असता, नाहीतर व्हिनेगरचा. तुम्ही लिहिलंय तसं काहीच नाही: मेव्हण्यांनी मेलबर्नहून बरोसाची शिराझ (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षांची रेड वाईन) आणली, मे महिन्यात पुण्यात उघडून लगेच ओतली, दोन घोटांत जीभ कोरडी पडली आणि सुताराच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. मी अ‍ॅडलेडला राहतो, बरोसा हा वाईनचा पट्टा इथून गाडीने तासाभरावर. माझीही पहिली बाटली अशीच गेली. निम्मी बेसिनमध्ये ओतली, अजून जीव हळहळतो.

जीभ कोरडी पडते ती टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. कच्चं जांभूळ किंवा फार उकळलेला कोरा चहा आठवा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि जिभेवरचा ओलावाच गेल्यासारखा वाटतो. चहात दूध पडलं की तुरटपणा उतरतो, तसं इथे चीज नाहीतर मटण लागतं. फक्त तांबड्या रश्श्याबरोबर पिऊ नका, तिखटाने दारू आणखी झोंबते.

लाकडाचा वास पिंपाचा. पिंप बनवताना ओक आतून आगीवर शेकतात, त्यातून व्हॅनिला आणि धूर येतो. लवंगेचा भास झाला तर तो नुसता भास नसतो, कारण लवंगेतलं युजेनॉल ओकमध्येही असतं. बरोसात पूर्वापार अमेरिकन ओक वापरतात, त्याला खोबऱ्याची झाक. (हे कळल्यापासून मला ग्लासात मिसळणाचा डबा दिसतो!) अर्थात नव्या पिंपाचा मारा जास्त झाला की द्राक्ष हरवतं. तसल्या वाईन मला आवडत नाहीत, कितीही महाग असोत.

तुमच्यासारखी तोंडं मोठमोठ्या जाणकारांनीही वाकडी केली आहेत. पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीचा वाईन बनवणारा मॅक्स शुबर्ट १९५० मध्ये युरोपात गेला, फ्रान्समधल्या बोर्डोची जुनी वाईन चाखून आला आणि १९५१ मध्ये शिराझ नव्या अमेरिकन ओकमध्ये मुरवून त्याने 'ग्रेंज' नावाची वाईन पहिल्यांदा केली. पुढे ती जाणकारांना चाखायला दिली, तर एकाला म्हणे चिरडलेल्या मुंग्यांची चव लागली. १९५७ मध्ये कंपनीने काम थांबवायला सांगितलं. पठ्ठ्याने तीन वर्षं चोरून वाईन केली, तीही नव्या पिंपांशिवाय, कारण पिंपं मागवली असती तर बिंग फुटलं असतं. तोवर आधीच्या बाटल्या मुरल्या, चव पालटली आणि १९६० मध्ये परवानगी परत मिळाली.

तुम्हाला एवढं थांबायची गरज नाही. रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, ती खोली युरोपातली, १६-१८ अंशांची. पुण्यात मे महिन्यात बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर १४-१५ टक्के अल्कोहोल थेट नाकात जातं. मग काचेच्या जगमध्ये ओतून तासभर विसरून जा. नुसतं झाकण काढून ठेवलंत तर बाटलीच्या गळ्यातून हवा लागणार किती? ग्लास तिसरा हिस्साच भरा.

उरली तर बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. मला दुसऱ्या रात्रीचा ग्लासच जास्त आवडतो, लाकूड मागे सरकलेलं असतं आणि काळ्या मनुका पुढे आलेल्या असतात.