कापलेलं छत्तीस नंबर

(महूला आणि इतर छावण्यांत जवानांना शस्त्रं शिकवलेले, आता इंदुरात स्थायिक झालेले निवृत्त सुभेदार या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : माझे सासरे फौजेत उस्ताद होते. मागच्या वर्षी ते गेले. त्यांची काळी ट्रंक उघडली तर आत मफलरमध्ये गुंडाळलेला एक लोखंडी हातबॉम्ब निघाला. एक बाजू उभी कापलेली, आतली स्प्रिंग दिसते, कापलेल्या कडा लाल रंगवलेल्या. तळाला ‘३६ एम’ आणि काही आकडे आहेत. तीन फोटो पाठवते आहे. मुलगा म्हणतो विकून टाकू. मला तर तो घरात ठेवायचीच भीती वाटते. हा महायुद्धातला आहे का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आधी भीतीचं बोलू. फोटोत मधली नळी वरपासून खालपर्यंत उघडी दिसते. तिच्या शेजारी डेटोनेटर, म्हणजे मुख्य दारू फोडणारी छोटी नळकांडी, बसवायची बारीक नळी असते, तीही उघडी आणि रिकामी आहे. दारूच्या जागी रंगवलेलं लाकूड बसवलंय. म्हणजे हे शिकवण्यासाठीच तयार केलेलं कट मॉडेल आहे. तरीही फोटो बघून ‘बिनधोक’ असं मी कुणालाही लिहून देत नाही. जवळच्या ठाण्यात कळवा, बॉम्बपथकाला घरी येऊन बघू द्या. वस्तू पिशवीत घालून ठाण्यात घेऊन जाऊ नका.

आता तुमच्या सासऱ्यांच्या वस्तूबद्दल. आम्ही याला नुसतं ‘छत्तीस’ म्हणायचो. बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांचा हा हातबॉम्ब १९१५ मध्ये ब्रिटिश फौजेत आला, तेव्हा त्याचा नंबर ५ होता. पुढे २३ नंबर झाला आणि १९१८ मध्ये ३६. ‘एम’ म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. तिथल्या हवेत आतली दारू खराब होऊ नये म्हणून ग्रेनेड चपडा लावून बंद करत. चपडा म्हणजे लाखच, आपल्याकडच्या झाडांवर किडे बनवतात ती. त्या मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या आहेत. ‘एम’ बघितला की मला त्यांची आठवण येते.

पण ‘३६ एम’ लिहिलंय म्हणून वस्तू महायुद्धातलीच, असं धरू नका. स्वातंत्र्यानंतरही आपल्या फौजेत कित्येक दशकं छत्तीसच चाललं. त्याची जागा घ्यायला नागपुरात बनलेलं नवं मल्टी-मोड ग्रेनेड आलं ते थेट २०२१ मध्ये. त्यामुळे महू-इंदूर भागात निघणारं छत्तीस सत्तरच्या दशकातलंही असू शकतं. तळाच्या झाकणाला बेस प्लग म्हणतात. त्यावर बनवणाऱ्याची खूण आणि बहुधा साल असतं. तुमच्या फोटोत तिथे गंज आहे. तो खरवडू नका. पथक तपासून गेल्यावर उन्हात तिरपा धरून पुन्हा फोटो काढा, अक्षरं उठून दिसतील. आणि बेस प्लगचं साल ते फक्त बेस प्लगचंच, कारण वर्कशॉपमध्ये एकाचा प्लग दुसऱ्याला सर्रास बसायचा. अंगाचं ओतकाम वेगळ्या वर्षाचं निघालं तर वस्तू खोटी ठरत नाही.

तळाच्या मध्यभागी आटे असलेलं भोक आहे का, तेही बघा. छत्तीसला तिथे एक गोल चकती लावून ते रायफलच्या तोंडावरच्या कपातून उडवत. पाच नंबरच्या प्लगला तसं भोक नसतं. जुनं आणि नवं ओळखायची ही मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते. रंगावर माझा विश्वास नाही. रंग कुणीही, कधीही फासतो.

सासऱ्यांनी ही वस्तू इतकी जपून का ठेवली असेल, तेही सांगतो. पुरं छत्तीस हातात घेतलं तर रंगरुटाला काय दिसतं? पाऊण किलोचा, साडेनऊ सेंटिमीटर उंचीचा लोखंडी गोळा. तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस तो हातातून पाडतो. म्हणून पहिल्या दिवशी टेबलावर हिरवं कापड अंथरायचं आणि त्यावर फक्त कट मॉडेल ठेवायचं. एकेकाला पुढे बोलवायचं, ‘इथे बोट ठेव’ म्हणायचं. हा स्ट्रायकर, म्हणजे आपटून ठिणगी पाडणारा दांडा, ही त्याला खाली ढकलणारी स्प्रिंग, हा लिव्हर तिला अडवून धरतो, आणि ही पिन लिव्हरला धरते. पिन निघाली तरी मूठ आवळलेली आहे तोवर काही होत नाही, हे ज्याने बोटाने चाचपलंय त्याचा हात पुढे रेंजवर कापत नाही. मूठ सुटल्यावर चार सेकंदांत फुटतो. सुरुवातीला हा वेळ सात सेकंदांचा होता. १९४० मध्ये फ्रान्सच्या लढाईत तो फार जास्त ठरला, मग चारवर आणला.

बाहेरच्या चौकोनी खाचांबद्दल प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारायचंच. ‘तिथून फुटतो का, उस्ताद?’ नाही. त्या खाचा हातात पकड यावी म्हणून आहेत, मिल्स यांनी स्वतःच तसं नोंदवलंय. फुटताना लोखंड त्या रेषा मुळीच पाळत नाही.

असं बोट ठेवून शिकवत असल्यामुळे खऱ्या, वापरलेल्या कट मॉडेलवर बोटांच्या खुणा सापडतात. तुमच्या दुसऱ्या फोटोत लिव्हरच्या वाकावरचा रंग उडून लोखंड गुळगुळीत झालंय आणि स्प्रिंगच्या बाजूची लाल कड झिजली आहे. ही झीज शेकडो पोरांच्या बोटांची आहे. ती मला तळावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाची वाटते. मुलाला सांगा, विकायची घाई करू नको.

शिवाय कायदा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत ग्रेनेड येतो, आणि दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. ‘आत काही नाही’ हे तुम्हाला-मला दिसतं, पण कागदावर दिसायला हवं. पथकाने तपासल्यावर लेखी मागून घ्या, तो कागद सासऱ्यांच्या सर्व्हिस बुकाबरोबर ठेवा. घरात ठेवायचं मन होत नसेल तर सैन्याच्या एखाद्या संग्रहालयाला विचारा. देताना त्यांचं नाव, पलटण आणि शिकवण्याची वर्षं लिहून द्या.

प्रश्न : एका विक्रेत्याने ‘दुसऱ्या महायुद्धातलं ओरिजिनल कटअवे’ म्हणून ग्रेनेड दाखवलं. किंमत भरपूर सांगतोय. कापलेला भाग चकचकीत आहे. घ्यावं का?
– एक संग्राहक, देवास

उत्तर : नको. ऐंशी वर्षांपूर्वी कापलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, चकचकीत राहत नाही. तुमच्या फोटोत कापावर कमानीसारखे ओरखडे दिसतात, ते हातातल्या ग्राइंडरचे. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये मशीनवर सरळ काप घेत आणि कडा घासून बोथट करत, कारण ती वस्तू दिवसभर पोरांच्या हातात फिरायची. आणखी एक बघा. या कापाने स्ट्रायकरही अर्धा गेलाय. शिकवणारा माणूस स्ट्रायकर कधी कापणार नाही, तोच तर दाखवायचा असतो. काप कुठे घेतलाय यावरून कापणाऱ्याला काय शिकवायचं होतं ते कळतं, आणि इथे कुणालाच काही शिकवायचं नव्हतं. लोहचुंबक चिकटत नसेल तर अंगही बिडाचं नाही, शोभेच्या वस्तूचं ओतकाम आहे.

प्रश्न : आमच्या आजोबांनी उत्तर आफ्रिकेतून आणलेला लाकडी दांड्याचा जर्मन ग्रेनेड आहे. डोकं लाल, त्याला गोल भोकं. हेही कट मॉडेलच ना?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. कट मॉडेल आतलं दाखवायला असतं. ड्रिलचा ग्रेनेड नुसता फेकायच्या सरावाला, त्यात काहीच नसतं. तिसरा प्रॅक्टिसचा, त्यात आवाज आणि धुरापुरती थोडी दारू भरत. लाल डोकं आणि भोकं ही जर्मनांच्या प्रॅक्टिस ग्रेनेडची खूण. ती भोकं धूर आणि दाब बाहेर पडावा म्हणून आहेत. म्हणजे यात कधीकाळी काहीतरी जळत होतं, आणि ते पूर्ण जळलंय की नाही हे बाहेरून सांगता येत नाही. दांड्याच्या तळाला फिरकीचं झाकण असेल, आत दोरी असते. झाकण फिरवू नका. आहे तिथेच राहू द्या, पथकाला बोलवा. त्यांनी हिरवा कंदील दिला की मग मला दांड्यावरच्या छापाचा फोटो पाठवा. ‘Üb’ अशी, डोक्यावर दोन टिंबं असलेली खूण आहे का तेवढं बघा.

प्रश्न : पणजोबा बर्मा आघाडीवर होते. त्यांच्या पेटीत जपानी ग्रेनेड आहे, पुरा, न कापलेला. आमच्या ओळखीचा लेथवाला आहे. त्याच्याकडून कापून कटअवे करून घेऊ का? कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवायचाय.
– एक विद्यार्थी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : बाळा, हे पत्र वाचल्या वाचल्या मी संपादकांना फोन करून तुझा नंबर मागितला आणि तुझ्याशी बोललो. इतर वाचकांसाठी इथेही लिहितो. न कापलेला ग्रेनेड भरलेलाच आहे असं समजायचं. कापायचा नाही, उघडायचा नाही, हातात घेऊन बघायचा नाही, उचलून दुसऱ्या खोलीतही न्यायचा नाही. जपान्यांचा ९७ नंबरचा ग्रेनेड (त्यांच्या २५९७ सालचा, म्हणजे आपल्या १९३७ चा) पिन काढून हेल्मेटवर किंवा बुटावर आपटला की पेटायचा आणि चार-पाच सेकंदांत फुटायचा. अशी वस्तू तू लेथच्या चकमध्ये आवळायला निघाला होतास. आतली दारू आणि डेटोनेटर ऐंशी वर्षांत कसे झाले असतील, हे कुठलाही लेथवाला सांगू शकत नाही.

तुझ्या आईने ११२ ला फोन केला आणि घर रिकामं केलं, हे संध्याकाळी कळलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पथक तो नेऊन नष्ट करेल. याचं तुला वाईट वाटेल, मला कळतं. प्रदर्शनासाठी चित्र काढ, मोठं, उभ्या छेदाचं. प्रत्येक भाग वेगळ्या रंगात दाखव, मी नावं लिहून देतो. पणजोबांचं डिस्चार्ज बुक पेटीत असेल तर ते शेजारी ठेव. पण पेटीला हात लावायचा तो पथक सगळं तपासून गेल्यावरच.