पर्स दाखवण्याआधी पदर बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. लातूरच्या तुझ्या पर्सच्या दुकानासाठी तू पाठवलेली मालाची यादी चष्मा लावून दोनदा वाचली. ४० टोट (उघड्या तोंडाच्या मोठ्या बॅगा), ३० मिनी स्लिंग (आडव्या पट्ट्याच्या छोट्या पर्स), २० क्लच (बिनपट्ट्याच्या, हातात धरायच्या) आणि निम्म्याहून जास्त माल बेज, म्हणजे फिकट मातकट रंगाचा. हल्ली बेज चालतोय हे मलाही ठाऊक आहे, नात मोबाइलवर रोज दाखवते. पण लातूरच्या उन्हाळ्यातल्या धुळीत बेज पर्स किती दिवस बेज राहते, ते आधी एखादी स्वतः वापरून बघ. मग ऑर्डर दे.

रागावू नकोस. हीच चूक मी केली होती, म्हणून लिहितेय. दादरच्या दुकानात सहा वर्षं नोकरी करून मी साताऱ्यात स्वतःचा गाळा घेतला, तेव्हा येताना ६० मोठ्या, तीन कप्प्यांच्या शोल्डर बॅगा घेऊन आले. दादरला त्या हातोहात जायच्या. का जायच्या, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. डोंबिवलीहून सकाळी सातला निघून रात्री आठला घरी पोचणाऱ्या बाईचं अर्धं घर त्या बॅगेत असतं. डबा, छत्री, पाण्याची बाटली, शाल, येताना गाडीत सोलायच्या मटारच्या शेंगा. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल १९९२ साली सुरू झाली, पण गर्दी काही हटली नाही. त्यामुळे मुंबईची बाई आधी चेन बघते आणि मगच रंग. चेन पक्की हवी, बॅग पोटाशी धरता आली पाहिजे आणि वर रॅकवर टाकली तरी तोंड उघडता कामा नये. माझ्या साताऱ्यातल्या बँकेतल्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणी दुपारी घरी जाऊन जेवायच्या. त्यांना एवढी मोठी बॅग हवी कशाला? दोन पावसाळे त्या बॅगा माळ्यावर पडून राहिल्या आणि तिसऱ्या वर्षी हात लावला तर रेक्झिनचे पापुद्रे निघाले. दमट हवेत पीयूचा, म्हणजे नकली चामड्याचा थर वापर न होताही सुटतो, हे मला तेव्हा कळलं, पैसे गेल्यावर. तेव्हा पीयूचा माल थोडा थोडा आण, प्लॅस्टिकमध्ये कोंडून ठेवू नकोस.

तेव्हापासून प्रदेश म्हटला की मी आधी वाहन बघते. पुण्याची मुलगी स्कूटरवर असते. तिला आडवी घालायची स्लिंग हवी, आणि तोंडाला बांधायचा स्कार्फ नि सनकोट मावेल एवढी जागा. नागपूरकडे मे महिन्यात डिकीत राहिलेल्या पर्सचा डिंक सुटतो, म्हणून चिकटवलेली नको, शिवलेली हवी. कोकणात चामड्याला बुरशी धरते, तिथे कापड बरं. गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या दुकानांत जे टांगलेलं दिसतं ते पाहुण्यांसाठी असतं, त्यावरून काही ठरवू नकोस.

आता खरं महत्त्वाचं. गिऱ्हाईक आत आलं की तिच्या खांद्याकडे बघ. साडी नेसलेल्या बाईचा पदर डाव्या खांद्यावर असतो. नीट चुण्या घालून पिन लावलेल्या पदरावर आडवा पट्टा घातला की सगळी घडी मोडते. म्हणून शाळेतल्या बाई स्लिंग हातात घेतात, आरशात बघतात आणि 'छान आहे हो' म्हणून परत ठेवतात. आपण समजतो किंमत जास्त वाटली. तसं नसतं. त्यांना उजव्या खांद्यावर राहील असा आखूड बंद हवा किंवा कोपरात अडकवता येईल अशी कडी. रेशमी साडीवर गुळगुळीत पट्टा घसरतो, तिथे आतून कापड लावलेला पट्टा दे. त्याच बाई रविवारी कुडत्यात येतील आणि तीच स्लिंग घेऊन जातील! दोन्ही वेळा वय ४८च.

वयाची गंमत निराळी आहे. एकच वस्तू प्रत्येक पिढीला वेगळं सांगते. खणाची पर्स घे. पंचविशीतल्या मुलीला ती एकदम नवी वाटते, अमेरिकेतल्या भाचीला गणपतीत मिरवायला हवी असते. पण माझ्या दुकानात एक आजी खणाची पर्स बघून म्हणाल्या, "अगं बाई, आमच्या चोळ्या खांद्याला अडकवून फिरता की काय!" शबनमचंही तसंच. ती पिशवी ज्यांनी तरुणपणी मोर्चांत आणि कविसंमेलनांत खांद्यावर वागवली, त्यांना ती आता नको असते. त्यांच्या नातींना हवी असते, आणि त्या तिला झोला म्हणतात. प्लॅस्टिकच्या वायरची विणलेली पिशवी तर माझ्या आईने घरीच विणली होती. आता ती पाचशे रुपयांना विकताना मला थोडी लाजच वाटते, पण विकते. (खण घेशील तर आतून कॅनव्हास लावलेलाच घे. नुसता खण आठवड्यात लोळागोळा होतो. आणि लाल खणाचा रंग ओल्या फडक्याने पुसून तपास.)

सत्तरीपुढच्या बायकांकडे आपल्या धंद्यात कुणी बघत नाही. त्यांना म्हातारीची पर्स दिलेली आवडत नाही, पण त्यांच्या अडचणी खऱ्या असतात. बोटं वाकत नाहीत, म्हणून चेनच्या रनरला ओढायला मोठी कडी हवी. रिकामी पर्सच जड असेल तर त्या लगेच खाली ठेवतात. पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२पासून एसटी मोफत झाली, तेव्हा वयाचा पुरावा पटकन निघेल असा बाहेरचा कप्पा लागतो. आणि काळं अस्तर अजिबात नको. काळ्या अस्तरात काळी किल्ली आणि काळा मोबाइल, शोधणार कसा?

आता तुझं लातूर. तिथे तुझी दोन गिऱ्हाइकं बहुतेकदा एकाच दिवशी येणार. जूनमध्ये क्लासला घालायला आई मुलीला घेऊन येते. मुलगी सोळा-सतरा वर्षांची, नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची जाडजूड पुस्तकं, तिला सॅक हवी. रुंद पट्ट्यांची, पाठीला गादी असलेली. तिथे फॅशन सांगू नकोस, सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरून रात्रभर खिळ्याला टांग आणि सकाळी पट्ट्याची शिवण बघ. जी टिकेल तीच ठेव. सॅक पसंत होईपर्यंत आई काउंटरपाशी उभी असते. तिने स्वतःसाठी काही घ्यायचं ठरवलेलं नसतं. २०२३पासून एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालं, त्या पूर्वीपेक्षा एकट्या जास्त हिंडतात, पण पैसे अजून रुमालात किंवा कनवटीलाच असतात. मोबाइल आणि घडीची कापडी पिशवी मावेल अशी तीनशे-साडेतीनशेची चेनवाली पर्स तिच्या हाताशी राहील अशी ठेव. तू फक्त गप्प राहा. ती स्वतःच उचलते.

'चामड्याची आहे का?' असं कुणी विचारलं तर उत्तराची घाई करू नकोस. कोल्हापूरकडचं माणूस हे विचारतं तेव्हा त्याला 'हो' ऐकायचं असतं. जैन घरातली किंवा देवळात न्यायला पर्स घेणारी बाई विचारते तेव्हा तिला 'नाही' ऐकायचं असतं. दोघांनाही खरंच सांग. त्यासाठी आधी तुला कळायला हवं. धारावीत नव्वद फुटी रस्त्यावर एक दिवस घालव, कारागिराकडून म्हशीचं, बकरीचं आणि पीयूचे कापलेले तुकडे मागून घे. कड बघायची. चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, पीयूखाली कापड.

क्लच वीस नकोत, सहा पुरेत. त्याऐवजी डिसेंबरात पैठणी काठाचे छोटे बटवे घे. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाच्या वाणासाठी बायका ते डझनाने नेतात, आणि तिथे वयही आडवं येत नाही नि साडीही.

यादी पुन्हा लिहायच्या आधी दोन दिवस सकाळी लातूरच्या एसटी स्टँडवर जाऊन बस. कोणाच्या हातात काय आहे ते वहीत लिही, आणि वही मला पाठव.

जूनमध्ये नातीच्या क्लाससाठी मी तिकडे येणारच आहे. माझ्यासाठी एक हलकी पर्स बाजूला काढून ठेव. रंग कुठलाही चालेल, अस्तर पिवळं हवं. पैसे घ्यायचे, आत्ताच सांगते.

तुझी,
मावशी