मॅरित्झबर्गची रात्र

प्रश्न : परदेशातील वर्णद्वेषाच्या एका अपमानामुळे माणूस समाजकार्याकडे वळतो का? गांधीजींच्या बाबतीत नेमके काय घडले?

उत्तर : ७ जून १८९३ च्या रात्री पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही गांधीजींना दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्झबर्ग स्थानकावर गाडीतून उतरवण्यात आले. ओव्हरकोट रेल्वेच्या ताब्यातील सामानात होता. तो मागितल्यास पुन्हा अपमान होईल म्हणून त्यांनी रात्र कुडकुडत काढली. मात्र चळवळ त्या एका रात्रीतून उभी राहिली, हे मला पटत नाही. पुढे प्रिटोरिया शहरात त्यांनी तिथल्या हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांची गाऱ्हाणी ऐकली, आणि १८९४ मध्ये मायदेशी परतण्याच्या बेतात असताना, हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणाऱ्या विधेयकाची बातमी निरोपसमारंभातच वाचून ते थांबले. त्याच वर्षी तिथल्या नाताळ प्रांतातील हिंदी लोकांची ‘नाताळ इंडियन काँग्रेस’ ही संघटना स्थापन झाली.