कपाट रिकामे करण्याआधी

प्रश्न : यापुढे मोजके आणि टिकाऊ कपडेच वापरायचे ठरवले आहे. त्यासाठी कपाटातील पॉलिस्टरचे सगळे कपडे काढून टाकून सुती कपडे घ्यावेत का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काढून टाकू नयेत. पॉलिस्टर खनिज तेलापासून तयार होते आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू सांडपाण्यात मिसळतात हे खरे असले, तरी कपडा बनताना झालेली हानी तो फेकल्याने भरून निघत नाही. शिवाय त्याच्या जागी येणाऱ्या एका सुती टी-शर्टमागेही सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा प्रचलित अंदाज आहे. म्हणून आहेत ते कपडे वापरावेत. मात्र गरज असेल तेव्हाच, थंड पाण्यात आणि मशीन पुरते भरून धुवावेत.

नवी खरेदी करताना रंगाआधी कपडा उलटा करून शिवण पाहावी. शिवणीत पुरेशी माया, म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेले जादा कापड, सोडलेली असेल, तर अंग भरल्यावर तोच कपडा उसवून सैल करता येतो. तयार कपड्यांत ती बहुधा नसते, त्यामुळे ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घेणे, शिलाई महाग वाटली तरी, आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते. हातमागाच्या नावाखाली यंत्रमागाचे कापडही विकले जाते, तेव्हा २००६ साली सुरू झालेले ‘हँडलूम मार्क’ हे सरकारी चिन्ह तपासावे.

विरलेल्या सुती साड्या गोधडीसाठी ठेवाव्यात. धडधाकट कपडे बोहारणीला द्यायला हरकत नाही, कारण ते जुन्या बाजारातून पुन्हा कोणाच्या तरी अंगावर जातात.