'सदोष मनुष्यवध' : वधाला दोष कुठून चिकटला?

प्रश्न असा आला आहे : "बातमीत वाचलं, 'चालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल'. सदोष म्हणजे ज्यात काही खोट राहिली ते. मग हा वध नीट झाला नाही असं म्हणायचंय का? निर्दोष मनुष्यवध असाही काही प्रकार असतो का? आणि माणूस मेलाच आहे तर सरळ खून का म्हणत नाहीत?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी काही वर्षं न्यायालयीन कागदपत्रांचं भाषांतर केलं. या एका शब्दाने जेवढ्या माणसांना गोंधळात पाडलेलं पाहिलं, तेवढं दुसऱ्या कुठल्या शब्दाने क्वचितच पाडलं असेल.

आधी 'सदोष'. रोजच्या बोलण्यात हा शब्द वस्तूंना लागतो : सदोष मीटर, सदोष बियाणं, सदोष यंत्रणा. तिथे दोष म्हणजे खोट, बिघाड. पण मराठीत दोषाचं दुसरं घराणंही आहे. 'मला दोष देऊ नकोस' म्हणतो तेव्हा आपण ठपक्याबद्दल बोलत असतो. दोषी, निर्दोष, दोषमुक्त, दोषसिद्धी, दोषारोपपत्र हे सगळे शब्द या दुसऱ्या घराण्यातले आणि 'सदोष मनुष्यवध'ही त्यातलाच. ज्या मनुष्यवधाचा ठपका करणाऱ्यावर येतो, तो सदोष. आपल्या कायद्याच्या इंग्रजी पाठात याला 'कल्पेबल होमिसाइड' म्हणतात. त्यातल्या 'कल्पेबल'च्या मुळाशी लॅटिन 'कुल्पा' आहे आणि त्याचा अर्थही दोष, अपराध असाच. भाषांतर करणाऱ्याने शब्द चोख निवडला होता. पुढे बोलीत 'सदोष' मीटर-बियाण्यांकडे सरकला आणि कायद्यातला शब्द एकटा पडला.

मग दोषी मनुष्यवध का नाही? कारण दोषी माणूस असतो. कृत्याला आपण दोषी म्हणत नाही. इथे विशेषण कृत्याचं आहे, म्हणून सदोष.

म्हणूनच मनुष्यवध हा शब्द जोडूनच लिहायला हवा. वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांच्या पट्ट्यांवर तो सर्रास 'सदोष मनुष्य वध' असा तोडलेला दिसतो. तोडला की सदोष जाऊन मनुष्याला चिकटतो आणि मेलेल्या माणसातच काही खोट होती असा अर्थ निघतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे, त्याने हे वाचायचं असतं, याची आठवण ठेवायला हवी.

'वध' या शब्दाचाही त्रास होतो. आपल्या कानावर वध पडतो तो कंसाचा, कीचकाचा, प्रतापगडाखाली अफझलखानाचा. म्हणजे मारणारा नायक आणि मरणारा दुष्ट. गांधीहत्येला कोणी 'गांधीवध' म्हटलं की ऐकणारा अस्वस्थ होतो तो याचमुळे. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात एका मयताचा भाऊ हातात कागद घेऊन माझ्याकडे आला. मनुष्यवध या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, वध राक्षसाचा करतात ना? माझा भाऊ काय राक्षस होता?" मी त्याला सांगितलं की कायद्यात वध म्हणजे नुसतं जिवे मारणं, त्यात मरणाऱ्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही. त्याने मान डोलावली, पण बोट त्या शब्दावरून लवकर हललं नाही. मला आजही वाटतं की इथे 'मनुष्यहत्या' हा शब्द अधिक बरा झाला असता. हिंदी कायद्यातही 'आपराधिक मानव वध' आहे, पण तिथे 'हत्या' हा शब्द खुनासाठी राखून ठेवलेला असल्याने त्यांची अडचण समजते. आपल्याकडे त्या जागी 'खून' आहे. फारसीत खून म्हणजे रक्त, हिंदीत आजही तेच. मराठीत मात्र रक्त सांडतं आणि खून होतो. मूळ अर्थ मागे टाकून हा शब्द आपल्याकडे थेट गुन्ह्याचं नाव झाला. म्हणजे 'हत्या' आपल्याला मोकळी होती.

आता खून का नाही म्हणत, ते पाहू. कायद्याच्या भाषेत प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. सदोष मनुष्यवध हे मोठं वर्तुळ आणि खून हे त्याच्या आतलं लहान. बातमीत येतो तो 'खून न ठरणारा सदोष मनुष्यवध', आणि त्यातले पहिले तीन शब्द जागेअभावी गळतात. इंग्लंड-अमेरिकेच्या बातम्यांतल्या 'मॅनस्लॉटर'साठीही आपण हाच शब्द वापरतो. तो साधारण जुळतो, पण मॅनस्लॉटर खुनाच्या बाहेर असतो आणि आपला सदोष मनुष्यवध खुनालाही पोटात घेतो, हे लक्षात ठेवावं.

ही रेघ कुठे ओढायची याचा कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जाणारा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे, 1876 सालचा. आरोपी गोविंदा, वय 18. बायको 15 वर्षांची. त्याने तिला लाथ मारली, पाठीत बुक्के घातले, ती पडल्यावर छातीवर गुडघा ठेवून तोंडावर दोन-तीन ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. दोन न्यायाधीशांचं एकमत होईना, म्हणून प्रकरण न्या. मेलव्हिल यांच्यापुढे गेलं. त्यांनी खुनाचं आणि सदोष मनुष्यवधाचं अशी दोन्ही कलमं शेजारी शेजारी मांडून शब्दन् शब्द ताडून पाहिला. मृत्यू 'संभवतो' एवढंच असेल तर सदोष मनुष्यवध, आणि निसर्गक्रमाने मृत्यू यायला ती इजा पुरेशी असेल तर खून, असा फरक त्यांनी काढला. गोविंदाला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासाठी सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. 'संभवणे' आणि 'पुरेसे असणे' या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत एका माणसाचा गळा फासातून सुटला. त्या पंधरा वर्षांच्या मुलीचा विचार मात्र हा निकाल वाचताना दर वेळी येतो.

बचावाचे वकील या फटीतच काम करतात. 'माझ्या अशिलाने मारलंच नाही' हा एक बचाव. दुसरा जास्त ऐकू येतो : मारलं, पण मारून टाकायचा उद्देश नव्हता. बांध कोरल्यावरून दोघांची जुंपली, शब्दाने शब्द वाढला, हाताशी खोऱ्याचा दांडा होता, एक टोला डोक्यात बसला. इथे न्यायालय बघतं की हत्यार घरून आणलं की हाताला लागलं ते घेतलं, टोले किती, कुठे, पडल्यावरही मारलं का. अचानक झालेलं भांडण, गंभीर आणि अचानक चिथावणी, स्वतःचा बचाव करताना ओलांडलेली मर्यादा असे खुनाला पाच अपवाद आहेत. त्यांतला एक लागू झाला की खून उतरून सदोष मनुष्यवध होतो. 'अचानक' या शब्दाला इथे घड्याळ लावतात. नानावटी खटल्यात बचाव चिथावणीचाच होता. नौदल अधिकारी नानावटी 27 एप्रिल 1959 ला दुपारी दीडला घरून निघाले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि 4 वाजून 20 मिनिटांनी पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. राग निवायला तेवढा वेळ पुरेसा होता असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये खुनाचीच शिक्षा कायम केली.

शिक्षेचा फरक मोठा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाला (कलम 103) फाशी किंवा जन्मठेप आहे. सदोष मनुष्यवधाला (कलम 105) उद्देश असेल तर जन्मठेप किंवा 5 ते 10 वर्षं कैद आणि दंड. उद्देश नसून नुसती जाणीव असेल तर 10 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याखाली कलम 106, हयगयीने मृत्यू. तिथे साधारणपणे 5 वर्षांपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेत हे 304-अ होतं आणि कमाल शिक्षा फक्त दोन वर्षं होती.

प्रश्नातल्या चालकाचं प्रकरण याच दोहोंच्या मध्ये आहे : हयगय की जाणीव? वांद्र्याच्या कार्टर रोडवर 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली, सात जण गेले. खालच्या न्यायालयाने हयगय मानून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने जाणीव मानून सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षं दिली आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. दारू पिऊन भरधाव गाडी हाकली तर कोणी मरू शकतं हे चालकाला ठाऊक असतं. या ठाऊक असण्यालाच इथे 'जाणीव' म्हणतात.

राहिला निर्दोष मनुष्यवध. असा शब्द संहितेत नाही, पण गोष्ट आहे. कुणी कुऱ्हाडीने काम करतोय, पातं दांड्यातून निसटून शेजारी उभ्या माणसाला लागलं आणि तो मेला. काम करणाऱ्याने योग्य ती काळजी घेतली असेल तर तो गुन्हा नाही. हे उदाहरण कायद्यातच दिलेलं आहे. स्वसंरक्षणाच्या मर्यादेत राहून कुणाचा जीव गेला, तरी गुन्हा नाही. म्हणजे माणूस मारला गेला, पण दोष कुणाचाच नाही. अशा मृत्यूंपासून वेगळं काढायला म्हणून तर 'सदोष' लागतो.

आणि एक, बातम्या लिहिणाऱ्यांसाठी. बोलताना आपण अजून 'तीनशे चार लावलं' म्हणतो. नव्या संहितेत 304 हे हिसकावून चोरीचं कलम आहे. आकडा लिहायचाच असेल तर 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना 105 लिहा, त्याआधीच्या घटनांना जुनं 304 चालेल. आणि मथळ्यात जागा असेल तर 'खून न ठरणारा' हे शब्द गाळू नका.