रील्स बघून डोपामिन संपतं का?

“मॅडम, माझं डोपामिन संपलंय. कशातच मन लागत नाही.” डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन. हे म्हणणारा, ऐरोलीच्या आयटी कंपनीतला, कळव्याला राहणारा पंचविशीतला मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). रात्री दोनपर्यंत रील्स, सकाळी डोकं जड. उपाय म्हणून रविवारी फोन, गाणी, गोडधोड सगळं बंद करून खोलीत बसायचा. सोमवारी लोकलमध्ये शिरला की पुन्हा तेच. सोबत आईही आल्या होत्या. “रक्त तपासून कळेल का, किती उरलंय ते?”

ठाण्यात माझ्याकडे येणारे बरेच पालक हल्ली हेच विचारतात. नाही कळत. रक्तातलं डोपामिन मेंदूत शिरत नाही, त्यामुळे ते मोजून मेंदूचा अंदाज येत नाही. शिवाय ते बँकेतल्या शिलकीसारखं संपतही नाही. अन्नातल्या टायरोसिन या प्रथिनाच्या घटकापासून मेंदू ते सतत बनवत असतो. खरोखर तुटवडा पडतो तो पार्किन्सन या मेंदूच्या आजारात, कारण तिथे ते बनवणाऱ्या पेशीच मरतात. मग हालचाली मंदावतात, हात थरथरतो.

आमचं बोलणं चालू असताना त्याने टेबलावर पालथा ठेवलेला फोन उलटून बघितला. काहीच आलं नव्हतं. मी विचारलं, “काल रात्री बघितलेल्यातलं काय आवडलं?” त्याला एकही रील आठवेना.

गोम इथेच आहे. डोपामिनला सरसकट ‘आनंदाचं रसायन’ म्हणणं मला पटत नाही. 1990 च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. खुणेनंतर फळांचा रस मिळतो हे माकडाला कळलं, की डोपामिनच्या पेशी रस मिळताना नाही, खूण दिसताच चेतायच्या. अनपेक्षित रस मिळाला तर उसळायच्या, ठरलेला चुकला तर थंडावायच्या. म्हणजे काम मुख्यतः ओढ लावायचं आणि शिकवायचं. पुढची रील कशी निघेल याचा नेम नसतो, म्हणून बोट थांबत नाही, आवडो न आवडो.

रविवारचा तो उपास मी बंद करायला लावला. चार्जर उशाजवळून स्वयंपाकघरात गेला, गजरासाठी साधं घड्याळ आलं. लोकलमध्ये फोन चालेल म्हटलं. त्या गर्दीत माणसाने करायचं तरी काय! झोप सुधारली तसं कामात लक्ष लागू लागलं. रील्स सुटल्या नाहीत, तशी अटही नव्हती.

आईंना एवढंच बजावलं: झोप नीट होऊनही जेवण, मित्र, क्रिकेट, कशातच दोन आठवडे रस वाटला नाही, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा फोनला दोष देत बसू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.