जुन्या पीसीला वायफाय जोडताना

वायफायसाठी नवा पीसी घेऊ नकोस, यूएसबी अ‍ॅडॉप्टर पुरेल. फक्त घेण्याआधी खोक्यावर बघ, तुझ्या विंडोज ७ साठी ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, आहे का. खरं अडतं तिथेच: ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर! अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट पीसीला देणं) सुरू कर, काम होऊन जातं.

ड्युअल बँडच घे, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही लहरींवर चालणारा. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ, मध्ये भिंती असतील तर २.४.

आणि अ‍ॅडॉप्टर कॅबिनेटच्या मागे खुपसू नकोस. माझा तसाच होता, पत्र्याच्या आड, सिग्नलची एकच काडी. मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून टेबलावर आणला, तर काड्या भरल्या. पोर्ट यूएसबी २.० असला तरी साध्या घरगुती कनेक्शनला चालतो.